शब्दवेध : फेड आणि फिका

ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं हळूहळू उमटवायची तर ‘फेड इन’, घालवायची तर ‘फेड आउट’. कर्जाच्या फेडीशी याचं नातं नाही. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे ‘फाद’ म्हणजे बेचव, निस्तेज. आपला ‘फिका’ही असाच दोन घरचा: आमटी फिकी आणि लुगड्याचा रंगही फिका! जिभेचा शब्द डोळ्यांनी उचलावा, हे इतक्या लांबच्या दोन भाषांत घडलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पडद्यावर मात्र रंग तोच राहतो, बदलते ती अपारदर्शकता. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर सुरुवातीला 0 टक्के आणि 25 चौकटींनंतर 100 टक्के एवढीच खूण आपण करायची. मधल्या पायऱ्या सॉफ्टवेअर भरतं.

या पायऱ्यांना मराठीत चंद्राकडून आलेला शब्द आहे. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशचा गणपती भालचंद्र, कपाळी चंद्र असलेला. त्या चंद्राचा सोळावा अंश म्हणजे ‘कला’. तिथल्या पोरांनी गणेशोत्सवाच्या चित्रफितीत देवाचं नाव उमटवलं, तर ते ‘कलेकलेनं’ उमटलं असंच मी म्हणेन. ‘फेड आउट’साठी ‘विरणं’ आहेच. धुऊन धुऊन झिरझिरीत झालेलं धोतर विरतं, तेच हे क्रियापद.