महाविद्यालयीन क्लब लॅक्रॉसमधील स्पर्धात्मक समतोल

महाविद्यालयीन क्लब लॅक्रॉसमधील स्पर्धात्मक समतोल ही संज्ञा अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्लब लॅक्रॉस संघांमध्ये, विशेषतः एकाच प्रादेशिक कॉन्फरन्समधील संघांमध्ये, बळाची वाटणी कितपत सारखी आहे हे दर्शवते. पुरुषांच्या अशा संघांचे नियमन २००६ पासून मेन्स कलेजिएट लॅक्रॉस असोसिएशन (एमसीएलए) करते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा त्याआधीपासून, म्हणजे १९९७ पासून खेळवली जाते.

विषमतेची कारणे

हे संघ नॅशनल कलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनच्या (एनसीएए) कक्षेबाहेर असतात. खर्चाचा मोठा भाग खेळाडूंची वर्गणी व देणग्या यांतून उभा राहतो. त्यामुळे मोठी विद्यार्थिसंख्या, सधन माजी विद्यार्थी किंवा पगारी प्रशिक्षक लाभलेला संघ सहज पुढे जातो. लहान संघाला कधी कधी पुरेसे राखीव खेळाडूही मिळत नाहीत. खेळाचे स्वरूपही या दरीत भर घालते. प्रत्येक गोलानंतर चेंडूसाठी 'फेसऑफ' होत असल्याने, त्यात निपुण असा एकच खेळाडू गोल केल्यावरही चेंडू पुन्हा आपल्याच संघाकडे ठेवू शकतो. साहजिकच असमान संघांतील सामने फार मोठ्या फरकाने सुटतात. याउलट पदवी पूर्ण होताच खेळाडू संघ सोडतात, त्यामुळे कोणतीही फळी फार काळ टिकत नाही.

मोजमाप

निकालाची अनिश्चितता हाच खेळाच्या आकर्षणाचा आधार, हा विचार अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये मांडला. समतोल मोजण्यासाठी नॉल-स्कली गुणोत्तर प्रचलित आहे. त्यात संघांच्या विजयप्रमाणाच्या प्रमाण विचलनाला, सर्व संघ तुल्यबळ असते तर अपेक्षित असलेल्या विचलनाने भागतात. क्लब लॅक्रॉसमध्ये या आकड्याकडे जपूनच पाहावे लागते. सहा संघ परस्परांशी एकेकदा खेळले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचच सामने येतात आणि तुल्यबळ संघांचे अपेक्षित विचलन ०.२२ इतके मोठे निघते. वरच्या संघाने खालच्या प्रत्येक संघाला हरवले, अशी टोकाची विषमता असली तरी गुणोत्तर सुमारे १.५३ च्या पुढे जाऊ शकत नाही. शिवाय एका गोलाचा विजय आणि वीस गोलांचा विजय यांत ते भेद करत नाही.

रॉकी माउंटन कॉन्फरन्स

रॉकी माउंटन लॅक्रॉस कॉन्फरन्स हे या विषयातील बोलके उदाहरण आहे. २०११ ते २०१४ ही सलग चार राष्ट्रीय अजिंक्यपदे याच कॉन्फरन्सच्या तीन संघांनी जिंकली: २०११ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, २०१२ व २०१३ मध्ये कॉलोराडो स्टेट आणि २०१४ मध्ये कॉलोराडो विद्यापीठ. अग्रभागी अशी खरी चुरस असली, तरी इतर सदस्यांसाठी हीच स्थिती जाचक ठरते. कॉन्फरन्सच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवडीने भरल्या जात असल्याने बलाढ्य कॉन्फरन्समधील उपविजेत्यालाही संधी राहते, पण तळाच्या संघांच्या हाती मोठे पराभव आणि प्रोव्हो ते फोर्ट कॉलिन्स यांसारखे शेकडो किलोमीटरचे प्रवास एवढेच उरते. ब्रिगहॅम यंगची स्थिती आणखी वेगळी आहे. त्याचे अनेक खेळाडू दोन वर्षांच्या धर्मप्रचारसेवेनंतर परततात, त्यामुळे ते प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वयाने मोठे असतात. हा संघ रविवारी खेळत नाही.

बलाढ्य संघांचे निर्गमन

सेंट्रल कॉन्फरन्समधील मिशिगन विद्यापीठाने २००८, २००९ व २०१० अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि २०१२ च्या हंगामापासून तो संघ एनसीएएच्या प्रथम विभागात गेला. तेथील पहिल्या हंगामात त्याला एकच सामना जिंकता आला. क्लब लॅक्रॉसमधील वर्चस्व आणि विद्यापीठाच्या अधिकृत संघांची पातळी यांतील अंतर यावरून दिसते. रॉकी माउंटनमधील युटा विद्यापीठानेही २०१९ च्या हंगामापासून हाच मार्ग धरला. मात्र असे स्थित्यंतर फार थोड्यांना साधते. त्यासाठी मोठा निधी लागतोच, शिवाय १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यातील स्त्री-पुरुष समान संधीच्या तरतुदींमुळे पुरुषांचा नवा अधिकृत संघ उभारणे विद्यापीठांना अवघड जाते.