आटलेला बोअर मेलेला नसतो
मराठवाड्यात तेलविहिरी नाहीत, पण काम थांबवून ठेवलेली भोकं लातूर-नांदेडात गावोगाव आहेत. तेलविहीर काही काळ बंद ठेवली, तर आतले अडसर दाब देऊन तपासतात. आपल्याकडे मात्र बोअर आटला की मोटर काढायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि पावसाची वाट पाहायची, ही १९७२च्या दुष्काळानंतर बोअरबरोबरच रुळलेली रीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सोडून दिलेले बोअर तळापासून बुजवायला सांगितलं. ते उघड्या बोअरमध्ये पडणाऱ्या मुलांच्या जिवासाठी, आणि योग्यच. पण शेतकऱ्याच्या लेखी त्याने बोअर सोडलेला नसतोच. म्हणून तो बुजवलाही जात नाही.

बोअरमध्ये तेलविहिरीसारखा दाब कुठे असतो, मग तपासायचं काय, असं कुणी म्हणेल. इथला धोका वर उसळण्याचा नाही, खाली झिरपण्याचा आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला. हा खडक थराथरांचा, पाणी त्यांच्या फटींत. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये बसवलेली नळी, मात्र बहुधा वरच्या माती-मुरुमापुरतीच. खाली भोक उघडं. केसिंगचं बूड नीट बसलं नसेल, तर वरचं सांडपाणी थेट खोल पाण्यात उतरतं. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण केसिंगभोवतीची जागा सिमेंटने भरणं आणि मोटर पुन्हा सोडण्याआधी पाणी तपासणं नव्या बोअरपेक्षा स्वस्तच पडतं.