तंतुकणिका, वार्धक्य आणि मधुमेह : एका कारणमीमांसेचा इतिहास

उतारवयातील मधुमेहाचे मूळ कोठे शोधावे, या प्रश्नाचे एक उत्तर पेशीतील तंतुकणिकांत सापडले, असे काही काळ अभ्यासकांस वाटले. पुढे त्या उत्तरास धक्का देणारा पुरावा भारतीयांच्याच स्नायूंतून मिळाला. म्हणून या विचाराचा इतिहास पाहणे आपणांस अगत्याचे आहे.

अन्नातील ऊर्जा पेशीस वापरता येईल अशा रूपात आणणे हे तंतुकणिकांचे कार्य होय. त्यांच्या ठायी स्वतंत्र डीएनए असतो, ही गोष्ट १९६३ साली उघडकीस आली. मानवी तंतुकणिकेतील १६,५६९ घटकजोड्यांचा क्रम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुके अवघी ३७. बाकीची बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या आज्ञेने घडतात. हा डीएनए मातेकडूनच येतो. त्यातील एका बदलामुळे मधुमेह आणि बधिरता मातृवंशाने उतरतात, हे १९९२ साली दाखविण्यात आले. तथापि असे रुग्ण विरळा. सर्वसामान्य मधुमेहात दोष जनुकांचा नसून त्यांच्या नियमनाचा असावा, असा तर्क मग पुढे आला.

२००३ हे वर्ष या तर्कास अनुकूल ठरले. पीजीसी-१ अल्फा या नियामक प्रथिनाच्या प्रभावाखालील जनुके मधुमेही स्नायूंत मंदावलेली असतात, असे वंशी मूथा व त्यांच्या सहकाऱ्यांस स्वीडनमधील पुरुषांत आढळले. त्याच वर्षी येल विद्यापीठात, निरोगी वृद्धांच्या तंतुकणिकांचे कार्य तरुणांच्या तुलनेने सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले दिसले. वार्धक्य, क्षीण तंतुकणिका आणि इन्शुलिनचा प्रतिरोध अशी साखळी जणू पूर्ण झाली.

परंतु २००८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये के. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने १३ मधुमेही भारतीय, १३ मधुमेह नसलेले भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे १३ निरोगी अमेरिकन यांची तुलना केली. भारतीयांत इन्शुलिनचा प्रतिरोध अधिक होता. तरीही त्यांच्या तंतुकणिकांची क्षमता कमी नव्हे, उलट अधिक भरली! साखळीची एक कडी येथे निखळली.

मग मूळ कोठे? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला. त्या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास होते. अंगी मांस कमी, परंतु चरबी त्या मानाने टिकून होती. रोगाची पूर्वतयारी गर्भातच होत असावी, हे सूचन त्यातून मिळते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. वार्धक्य आणि गर्भकालीन उपासमार यांपैकी कोणाचा ठसा तंतुकणिकांच्या नियमनावर अधिक खोल उमटतो, हा प्रश्न लातूर-नांदेडच्या अभ्यासकाने परक्यांच्या निष्कर्षांवर न सोडता याच भूमीत तपासावयाचा आहे.