स्वतंत्र कंत्राटदार

मोबदल्याच्या बोलीवर विशिष्ट काम पूर्ण करून देण्याचे दायित्व पतकरणारी, परंतु ते काम कोणत्या रीतीने करावे याबाबत काम देणाऱ्याच्या हुकमतीखाली नसलेली व्यक्ती वा संस्था. नोकर आपली श्रमशक्ती मालकाच्या स्वाधीन करतो, स्वतंत्र कंत्राटदार केवळ फलनिष्पत्तीची हमी देतो. विधीच्या परिभाषेत पहिल्या संबंधास सेवेची संविदा आणि दुसऱ्यास सेवेसाठी केलेली संविदा म्हणतात. हा भेद वरवर शाब्दिक वाटला, तरी प्राप्तिकराचा प्रकार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, अपघाताची भरपाई, कामावरून दूर करण्याची रीत आणि तिऱ्हाइताच्या हानीची जबाबदारी या साऱ्या गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रात मक्ता, इजारा व ठेका या रूपांनी ही प्रथा जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत महसुलाची वसुलीही मक्त्याने दिली जाई. ब्रिटिश अमदानीत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उदयाबरोबर ठेकेदारीस आधुनिक रूप आले. जोतीराव फुले यांनी पुण्याच्या परिसरातील सरकारी बांधकामांचे ठेके घेतले होते. मुठा नदीवरील खडकवासला धरणाच्या कामाचाही त्यांत समावेश होता. खात्यातील अंमलदारांच्या लाचखाऊ वृत्तीवर त्यांनी आपल्या लेखनात कठोर टीका केली. ठेकेदार कागदोपत्री स्वतंत्र असला, तरी देयक मंजूर करणाऱ्यापुढे तो किती परतंत्र असतो, याची ती जुनी साक्ष होय.

याच काळात कायद्याची चौकट सिद्ध झाली. १८५९ च्या कामगार करारभंग अधिनियमाने उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास वा मजुरास फौजदारी शिक्षेची तरतूद केली. तो १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाने उभयपक्षांच्या मुक्त संमतीचे तत्त्व स्वीकारले. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आणलेल्या प्राप्तिकरात वेतन व निवृत्तिवेतन यांची वर्गवारी धंदा-व्यवसायाच्या उत्पन्नाहून निराळी होती. हा भेद १९२२ व १९६१ च्या अधिनियमांतूनही चालत आला.

न्यायालयीन कसोट्या : नोकर कोणास म्हणावे, याची प्रसिद्ध इंग्लिश कसोटी एका करविषयक खटल्यातच पुढे आली. घरपट्टीतील सवलतीच्या संदर्भात येवेन्स विरुद्ध नोक्स (१८८०) या खटल्यात न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांनी कामाच्या रीतीवर मालकाची हुकमत हे नोकरीचे लक्षण ठरविले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्स विरुद्ध सौराष्ट्र राज्य या खटल्यात (१९५६) मिठागरांतील अगरियांचा प्रश्न याच कसोटीवर सोडविला. अगरियांना मिठाच्या वजनावर मोबदला मिळे, कामाचे तास ठरलेले नसत आणि ते स्वतःची माणसेही मदतीस आणीत. तरीही प्रत्येक टप्प्यावर कारखान्याची देखरेख असल्याने ते कामगार ठरले.

या कसोटीची अडचण महाराष्ट्रातील विडी धंद्यात उघड झाली. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी निकालात निघालेल्या नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात कारखान्यात येऊन विड्या वळणारे कामगार मानले गेले. मात्र लगेच पुढे आलेल्या शंकर बालाजी वाजे खटल्यात, येण्याजाण्याची मोकळीक व हुकमतीचा अभाव या कारणांस्तव, बहुमताने विरुद्ध निर्णय झाला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. वळणाऱ्या हातांचे काम एकच, परंतु दर्जा मात्र निराळा, अशी ही स्थिती होती. घरी विड्या वळणाऱ्यांसही संरक्षण देणारा विडी व सिगार कामगार अधिनियम १९६६ मध्ये करण्यात आला. पुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस (१९७३) आणि हुसेनभाई (१९७८) या खटल्यांत केवळ हुकमत न पाहता, ज्याच्या धंद्याचा अविभाज्य भाग म्हणून काम होते व ज्याच्यावर कामकऱ्याची उपजीविका अवलंबून असते, त्याकडे पाहण्याची दृष्टी स्वीकारण्यात आली.

करविषयक दर्जा : १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमानुसार नोकराच्या वेतनातून कलम १९२ अन्वये त्याच्या एकूण उत्पन्नास लागू होणाऱ्या दराने करकपात होई. कंत्राटदाराच्या देयकासाठी १९७२ मध्ये कलम १९४-सी, तर डॉक्टर, वकील, अभियंता इ. व्यावसायिकांच्या शुल्कासाठी १९९५ मध्ये कलम १९४-जे घालण्यात आले. वेतनधारकास ठराविक प्रमाणित वजावट मिळते; व्यावसायिक मात्र प्रत्यक्ष खर्च वजा करू शकतो. लहान व्यावसायिकांसाठी २०१६ च्या वित्त अधिनियमाने ढोबळ प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानण्याचा पर्याय दिला. २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर अधिनियमाचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आला. त्यातही वेतन व व्यवसाय यांतील भेद राखलेला आहे. १ जुलै २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा कराच्या पद्धतीत नोकराने मालकास दिलेली सेवा करपात्र नाही. स्वतंत्र व्यावसायिकास मात्र विहित उलाढालीनंतर नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर अधिनियमातही हा भेद स्पष्ट दिसतो. नोकरांचा कर मालक वेतनातून कापून भरतो व त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र घेतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यास निराळे नावनोंदणी प्रमाणपत्र घेऊन तो स्वतः भरावा लागतो. या कराचे उत्पन्न रोजगार हमी योजनेसाठी योजिलेले असल्याने, शहरी व्यावसायिकाचा कर ग्रामीण मजुराच्या कामाशी जोडला गेला.

पुणे परिसर व वारजे : पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या काठी वसलेले वारजे हे १९९७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेतीचे गाव महामार्गालगतचे दाट उपनगर होताना मळ्याच्या कामाची जागा बांधकामावरील ठेकेदारी, वाहनचालन, संगणकीय सल्लासेवा, वैद्यकीय व्यवसाय यांनी घेतली. अशा उपनगरांत स्वतंत्र कंत्राटदाराचे दोन परस्परविरोधी नमुने शेजारी नांदतात.

पहिला नमुना उच्च कौशल्याच्या व्यावसायिकाचा. पुण्यातील रुबी हॉल क्लिनिक चालविणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या खटल्यात (२०१५) ठराविक मानधन घेणारे सल्लागार डॉक्टर नोकर होत, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. कराराच्या अटी समग्रपणे वाचाव्यात, ठराविक वेळ वा मानधन एवढ्यावरून नोकरी सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होय. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा अभाव आणि खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा यांस महत्त्व मिळाले. येथे स्वातंत्र्य उभयपक्षांस सोयीचे होते.

दुसरा नमुना कचरावेचकांचा. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. सदस्य घरोघर कचरा गोळा करून रहिवाशांकडून शुल्क घेतात व भंगाराची विक्री करतात. संस्था सदस्यांचीच असल्याने मधला ठेकेदार दूर झाला. तथापि कराराची मुदत संपल्यावर अल्पकालीन मुदतवाढीवर काम चालण्याचे प्रसंग आले. डॉक्टरास करार संपल्यास दुसरे रुग्णालय मिळते. कचरावेचकास मात्र वस्तीच गमवावी लागते.

पर्यायी व्यवस्था : एकच मालक नसलेल्या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी अधिनियमाने स्वतंत्र वाट काढली. मंडळाकडे हमाल व मालक दोघांची नोंदणी होते, मजुरीवर अधिभार आकारला जातो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा व उपदान दिले जाते. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या चळवळीस बळ दिले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरील ‘गिग’ कामगारांची व्याख्या केली आणि भ्रमणध्वनीवरील मंच चालविणाऱ्या कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. त्या कामगारांस नोकर न ठरविता संरक्षण देण्याची तिची कल्पना माथाडी मंडळांच्या तत्त्वाशी मिळतीजुळती आहे.

करारातील शीर्षक न्यायालयांवर बंधनकारक नसते. प्रत्यक्ष व्यवहारच निर्णायक असतो. कामाचे वर्णन, मोबदल्याचा काळ, साधनांची मालकी, अन्यत्र काम करण्याची मोकळीक, समाप्तीची सूचना आणि करकपातीचे कलम या बाबी लेखी व परस्परसुसंगत नसल्यास वाद उद्भवतात. ज्याला काम नाकारता येते, त्याचे स्वातंत्र्य खरे. ज्याला ते नाकारता येत नाही, त्याच्या बाबतीत हा दर्जा पुष्कळदा मालकाची जबाबदारी टाळण्याचे साधन ठरतो. हा भेद ओळखणे हेच या विषयातील विधिविकासाचे मुख्य सूत्र आहे.