धागा : ‘१’ या आकड्याचे काय झाले? बेसिकमधील अ‍ॅरे आणि जलद साठवणीची कथा

१/ मोडी दप्तरासमोर बसलेल्या अभ्यासकाच्या हाती कागद असतो, शाईही शाबूत असते. अडते ते लिपीपाशी. १९८० च्या दशकातल्या फ्लॉपी उघडणाऱ्यांपुढे हाच पेच उभा राहतो.

२/ बेसिक ही भाषा १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी सिद्ध केली. एका नावाखाली क्रमाने मांडलेल्या संख्या म्हणजे तिच्यातला अ‍ॅरे. पुढे घरगुती संगणक आले. ते बंद होताच स्मृतीतला अ‍ॅरेही जाई. म्हणून साठवण.

३/ रूढ मार्ग ‘प्रिंट’ आज्ञेचा. प्रत्येक संख्येचे द्विमान रूप दशमान अंकांत बदलायचे, फाइलमध्ये मजकूर म्हणून लिहायचे आणि वाचताना उलटा प्रवास करायचा. २,००० संख्या असतील तर हा फेरा २,००० वेळा. त्यात इंटरप्रिटर तीच ओळ दर वेळी नव्याने उलगडणार. वापरणारा चहा पिऊन येई.

४/ १९८२ च्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये अख्खा अ‍ॅरे एका आज्ञेने कॅसेटवर जाई. प्रत्येक संख्येला ५ बाइट. १,००० संख्यांना सुमारे अर्धा मिनिट.

५/ आयबीएम पीसीच्या बेसिकमध्ये आणि जीडब्ल्यू-बेसिकमध्ये अशी थेट सोय नव्हती. होती ‘बीसेव्ह’ : स्मृतीचा सांगितलेला तुकडा जसाच्या तसा डिस्कवर उतरवणारी आज्ञा. ती मुख्यतः पडद्यावरची चित्रे जपायला वापरली जाई. चतुर मंडळींनी ‘व्हारपीटीआर’ने अ‍ॅरेच्या पहिल्या घटकाचा पत्ता काढला आणि तोच ‘बीसेव्ह’ला दिला. साध्या अचूकतेच्या २,००० संख्या म्हणजे ८,००० बाइट, वर ७ बाइटांचे शीर्षक. रूपांतर नाही, फेरा नाही. परत आणायला ‘बीलोड’.

६/ खाचखळगे मात्र होते. मध्येच नवे साधे चल वापरले की अ‍ॅरे स्मृतीत सरके आणि आधी काढलेला पत्ता खोटा ठरे. शब्दांच्या अ‍ॅरेची गत याहून वाईट : जीडब्ल्यू-बेसिक अ‍ॅरेत शब्द ठेवतच नसे, फक्त त्याची लांबी आणि ठिकाण ठेवी. त्यामुळे डिस्कवर पत्ते उतरत, मजकूर मागेच राहून पुसला जाई. (घर पाडून दारावरची पाटी जपण्यासारखेच हे!)

७/ खरा घात पुढे झाला. जीडब्ल्यू-बेसिक अपूर्णांकी संख्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या द्विमान पद्धतीने ठेवी. १९८७ च्या क्विकबेसिक ४.० ने आयईईई मानक स्वीकारले. दोन्हींत साध्या संख्येला ४ बाइटच, मांडणी निराळी. जुन्या पद्धतीत ‘१’ म्हणजे तीन शून्य बाइट आणि शेवटी षोडशमान ८१. तेच चार बाइट नव्या पद्धतीने वाचा : ऋण चिन्ह, दशांश चिन्हानंतर ३७ शून्ये, मग कुठे २३५. संगणक चूक दाखवत नाही. निमूटपणे भलतीच संख्या हाती ठेवतो.

८/ मायक्रोसॉफ्टला याची कल्पना होती. जुनी रूपे उलगडणारी ‘सीव्हीएसएमबीएफ’सारखी फंक्शने क्विकबेसिकमध्ये दिली होती. पण ती वापरण्यासाठी फाइल कोणत्या बेसिकने लिहिली हे ठाऊक हवे, आणि त्या ७ बाइटांच्या शीर्षकात पत्ता व लांबी असते. संख्यांच्या प्रकाराचा उल्लेख नसतो.

९/ त्याच काळात कोणी ‘प्रिंट’ने रखडत लिहिलेली फाइल मिळाली तर ती आज कुठल्याही साध्या संपादकात उघडते. ‘१’ तिथे ‘१’च दिसतो.