झाई परिसर : जमीन, गोडे पाणी आणि निसर्गसंपत्ती

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील उत्तरेकडचे शेवटचे गाव. उत्तरेला गुजरातचा उंबरगाव तालुका, तर दक्षिणेला डहाणू तालुक्यातील बोर्डी व घोलवड आहे. राज्याचा किनारा इथून सुरू होतो. समुद्र, खाजण, बागायत आणि डोंगर थोड्या अंतरात एकमेकांना लागून असल्याने या पट्ट्यात विहिरीचे पाणी गोडे राखणे हा शेतीचा मूळ प्रश्न आहे.

किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत

- किनारा व खाजण : रेताड किनाऱ्यावर मच्छीमारांची वस्ती असून बोंबील सुकवणे हा जुना व्यवसाय आहे. खाडीकाठची तिवरे भरतीचा जोर कमी करतात, काठाची माती धरून ठेवतात आणि मासे व कोळंबीच्या पिल्लांना आसरा देतात.
- सपाट बागायत : चिकू, नारळ, आंबा, भाजीपाला व मिरची. चिकूची ‘कालीपत्ती’ ही इथली प्रमुख जात. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.
- वरकस व डोंगर : सखल भागात भात, उतारावर नागली व वरई. साग, खैर, मोह, ताड, शिंदी आणि गवत यांवर आदिवासी कुटुंबांचे मोठे अर्थकारण चालते.

विहीर खारी का होते?

पाऊस भरपूर पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जमिनीत मुरलेल्या पाण्यावर काढावे लागतात. किनाऱ्याजवळ हे गोडे पाणी हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. वाळूच्या थरात गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. पातळी अर्ध्या मीटरवर आली की ही खोली कालांतराने २० मीटरच उरते. उपसा थोडा वाढला तरी खारे पाणी बरेच वर येते ते यामुळेच. काळ्या कातळात ते भेगांमधून शिरते, म्हणून शेजारच्या दोन विहिरींतही फरक दिसतो.

काय करावे?

1. पाण्याची क्षारता पावसाळ्यानंतर एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा तपासावी. विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास पाणी बहुतेक पिकांना चालते. ०.७ ते ३ मध्ये पीक व जमीन पाहून काळजी घ्यावी. ३ च्या पुढे नेहमीच्या सिंचनासाठी टाळावे.
2. पंप सलग तासन् तास न चालवता थांबून थांबून चालवावा. पाणी खारे लागल्यास विहीर किंवा बोअरवेल आणखी खोल नेऊ नये. त्याने खारे पाणी जवळ येते.
3. चिकूला ठिबक द्यावे आणि आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.
4. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्यांवर वनराई बंधारे घालावेत. पावसाळ्यात शेतातील पाणी गाळून विहिरीत सोडावे.
5. खार जमिनीत भातलावणीपूर्वी पावसाचे पाणी साठवून निचरा करावा, म्हणजे क्षार धुऊन जातात. खारबंधाऱ्याची डागडुजी मेअखेर उरकावी. पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षारसहनशील भातजाती आहेत. माती परीक्षणात चोपण आढळल्याशिवाय जिप्समवर खर्च करू नये.

वन्यजीव व शेती

वटवाघळे पिकलेली फळे खातात, पण मोहासारख्या जंगली झाडांचे परागीभवन व बीजप्रसारही करतात. चिकू झाडावर पिकू न देता पक्व होताच काढल्यास नुकसान घटते. घुबडे व साप उंदरांवर ताबा ठेवतात. रानडुकरांमुळे किंवा बिबट्यामुळे नुकसान झाल्यास लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. पावसाळ्यात जखमी समुद्री कासवे किनाऱ्याला लागतात. त्यांना पुन्हा पाण्यात ढकलू नये, वन विभागाला कळवावे. डहाणूत त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे.

कायद्याचे संरक्षण

केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मात्र भूजलाचा उपसा आवरणे शेवटी गावाच्याच हाती आहे. एकाने उपसा कमी करून शेजारच्याने वाढवला तर उपयोग नाही, कारण खालचे पाणी सामाईक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावरील चार-पाच विहिरी निवडून दरमहा पाण्याची पातळी व क्षारता एका वहीत नोंदवावी. दोन-तीन हंगामांच्या नोंदींवरून कोणत्या महिन्यात उपसा कमी करायचा आणि उन्हाळी भाजीपाल्याचे क्षेत्र किती ठेवायचे, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी ठरवता येते.