ग्रंज हा शब्द आधी कुणी लिहिला?

संशोधन प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आपण एखादं नाव लिहितो, 'नवकविता', 'ग्रामीण साहित्य', 'वारली चित्रकला', आणि ते नाव जणू कायमचंच तिथं होतं असं धरून पुढे जातो. मग मार्गदर्शक विचारतात, हे नाव कधीपासूनचं? कुणी दिलं? आणि आपली धांदल उडते. माझं काम डहाणू तालुक्यातल्या गंजाड आणि आसपासच्या पाड्यांमधल्या वारली चित्रांवर आहे, त्यामुळे या प्रश्नाशी रोजचीच गाठ. पण आज उदाहरण घेतेय ते फार लांबचं, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या ग्रंज रॉकचं. कारण साधं आहे. त्या नावाचा जन्म, पसारा आणि चक्क फजिती, सगळं पंधराएक वर्षांत उरकलं आणि जवळपास प्रत्येक टप्प्याचा पुरावा छापील किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात हाताशी आहे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पंक रॉकचा तुटक, रागीट बाज आणि हेवी मेटलची जड, संथ गिटार यांची ही सरमिसळ. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, गढूळ ठेवलेला. इंग्रजीत ग्रंज म्हणजे मळ, कचरा. रॉकच्या परीक्षणांत हा शब्द आधीपासून तुरळक दिसतो, पण सिअ‍ॅटलपुरता जुना पुरावा १९८१चा आहे. मार्क आर्म या तरुणानं एका स्थानिक हौशी पत्रिकेला पत्र पाठवून स्वतःच्याच बँडची टर उडवली आणि त्यात हा शब्द वापरला. म्हणजे शैलीचं नाव म्हणून नाही, शिवी म्हणून. हा फरक लक्षात ठेवा.

पुढे १९८६मध्ये 'डीप सिक्स' नावाची तबकडी आली. सहा स्थानिक बँड एकत्र: ग्रीन रिव्हर, मालफंक्शन, मेल्व्हिन्स, स्किन यार्ड, साउंडगार्डन आणि यू-मेन. आज हिला ग्रंजचा आरंभ म्हणतात. सलग ऐकून बघा, सहाही बँडना एका दावणीला बांधणं अवघड आहे. पुढच्याच वर्षी सब पॉप या छोट्या कंपनीनं ग्रीन रिव्हरचा 'ड्राय अ‍ॅज अ बोन' काढला आणि कंपनीचा एक मालक ब्रूस पॅव्हिट यानं त्याच्या प्रसिद्धीच्या मजकुरात ग्रंज हा शब्द घातला. सहा वर्षांत शिवीचं विक्रीचं लेबल झालं. गंमत म्हणजे ग्रीन रिव्हरचा गायक तोच, पत्र लिहिणारा मार्क आर्म.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. साउंडगार्डनचा 'स्क्रीमिंग लाइफ' (१९८७), मडहनीचा 'सुपरफझ बिगमफ' (१९८८) आणि निर्वाणाचा 'ब्लीच' (१९८९), हे तिन्ही एकाच ठिकाणी मुद्रित झाले: रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाचा छोटा, स्वस्त स्टुडिओ. मुद्रण करणारा माणूसही एकच, जॅक एंडिनो, जो स्वतः 'डीप सिक्स'वरच्या स्किन यार्डमध्ये गिटार वाजवायचा. 'सुपरफझ बिगमफ' हे तर आवाज फाडणाऱ्या दोन गिटार-पेडलांच्या नावांवरून घेतलेलं शीर्षक. मग ज्याला आपण 'सिअ‍ॅटलचा आवाज' म्हणतो तो शहराचा, पिढीचा, की एका खोलीचा आणि एका माणसाच्या कानाचा? त्यात चार्ल्स पीटरसनची हललेली काळीपांढरी छायाचित्रं सब पॉपच्या तबकड्यांवर सतत येत राहिली, म्हणजे दिसणंही एकसारखं झालं. पावसाळी हवा, निराश तरुणाई, लाकूडतोडीच्या गावांतली बेकारी ही कारणं पुस्तकांत भरपूर मिळतात. ती खोटी नाहीत. कर्ट कोबेनचं गाव अ‍ॅबरडीन खरंच लाकडाच्या धंद्यावर जगणारं होतं. पण हवामानाआधी स्टुडिओचं बिल बघावं, असं माझं मत आहे.

आणि बिल खरंच आहे! 'ब्लीच'चा मुद्रणखर्च ६०६ डॉलर १७ सेंट. पैसे भरले जेसन एव्हरमन यानं. वेष्टनावर गिटारवादक म्हणून त्याचं नाव छापलंय, फोटोही आहे, पण त्या मुद्रणात त्यानं एकही सूर वाजवलेला नाही. बँडला त्याचे आभार मानायचे होते, इतकंच. प्राथमिक साधन म्हणजे सत्य असं समजणाऱ्या प्रत्येक नव्या संशोधकानं हे वेष्टन टेबलासमोर लावून ठेवायला हरकत नाही.

१९८९मध्ये सब पॉपनं 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला सिअ‍ॅटलला आणवलं आणि त्याच्या लेखांनी शहराचं नाव अटलांटिकपार पोचलं. पाहुणा बोलावणारा यजमान आणि माल विकणारा दुकानदार एकच होता, ही गोष्ट तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात यायला हवी.

मग १९९१. पर्ल जॅमचा 'टेन' ऑगस्टमध्ये, निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबरला, साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' ऑक्टोबरमध्ये. जानेवारी १९९२मध्ये 'नेव्हरमाइंड'नं मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून अमेरिकेतला पहिला क्रमांक घेतला. इथून पुढे बहुतेक इतिहास एकाच ओळीत संपतात: 'नेव्हरमाइंड'नं बड्या कंपन्यांची दारं उघडली. पण तारखा मांडून बघा. साउंडगार्डन १९८९मध्येच ए अँड एम या बड्या कंपनीकडून 'लाउडर दॅन लव्ह' घेऊन आले होते. अ‍ॅलिस इन चेन्सचा 'फेसलिफ्ट' कोलंबियानं १९९०मध्ये काढला. दार आधीच किलकिलं होतं. शिवाय 'नेव्हरमाइंड' मुद्रित झाला कॅलिफोर्नियात, निर्माता बुच व्हिग विस्कॉन्सिनचा. 'टेन' सिअ‍ॅटलमध्ये झाला, पण गायक एडी व्हेडर सॅन दिएगोहून आलेला. 'सिअ‍ॅटलचा आवाज' जगभर गाजला तेव्हा त्यातला बराचसा भाग सिअ‍ॅटलबाहेरून आलेला होता.

आपल्याकडचा धागाही तारखांतच सापडतो. स्टार टीव्हीवर एमटीव्हीची आशियाई वाहिनी सुरू झाली १५ सप्टेंबर १९९१ला, 'नेव्हरमाइंड'च्या बरोब्बर नऊ दिवस आधी. सिअ‍ॅटलला या नावाचा दहा वर्षांचा जुना संसार होता. इथे गाणं, फाटकी जीन्स आणि लेबल एकाच पडद्यातून एकदमच घरात आलं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६पासून, म्हणजे 'डीप सिक्स'च्याच वर्षापासून भरत होता, तेव्हा रॉक इथे नवं नव्हतं. नवं होतं ते आयतं आलेलं नाव. रॉक मशीनसारखा मुंबईचा बँड १९९३मध्ये इंडस क्रीड का होतो, हा प्रश्न या उजेडात पुन्हा विचारता येईल. कुणाला विषय हवा असेल तर घ्या, मी काही त्यावर काम करणार नाही.

फजितीची गोष्ट आहे नोव्हेंबर १९९२ची. न्यूयॉर्क टाइम्सला ग्रंजवर लेख हवा होता, सोबत या पोरांच्या बोलीचा छोटा कोशही. वार्ताहरानं फोन लावला तो मेगन जॅस्परला. ती पूर्वी सब पॉपच्या कार्यालयात फोन घ्यायची, तेव्हा दुसऱ्या कंपनीत होती. अशी काही बोली अस्तित्वातच नव्हती. तिनं बसल्या जागी शब्द रचून सांगितले, 'लेमस्टेन', 'कॉब नॉबलर' असले काहीतरी, आणि १५ नोव्हेंबरच्या अंकात ते अर्थांसह जसेच्या तसे छापून आले. काही महिन्यांनी 'द बॅफलर' या छोट्या नियतकालिकात थॉमस फ्रँक यानं बिंग फोडलं. वार्ताहराला मुद्दाम खोटं छापायचं नव्हतं. त्याच्याकडे रकाना तयार होता, फक्त भरायचा होता. आपण प्रश्नावली घेऊन पाड्यावर जातो तेव्हा आपल्या हातातही रकानेच असतात. समोरच्या माणसाला ते दिसतात, आणि तो कधी सौजन्यानं, कधी वैतागून, कधी मजा म्हणून ते भरून देतो.

नावाचा शेवटही तपासण्यासारखा आहे. एप्रिल १९९४मध्ये कोबेननं आत्महत्या केली आणि ग्रंज संपला, असं लिहितात. त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅलिस इन चेन्सचा 'जार ऑफ फ्लाइज' आणि मार्चमध्ये साउंडगार्डनचा 'सुपरअननोन' पहिल्या क्रमांकावर होते. साउंडगार्डन १९९७पर्यंत टिकला, पर्ल जॅम आजही वाजवतो. त्याआधी जुलै १९९३मध्ये सिअ‍ॅटलमध्येच द गिट्स या बँडची गायिका मिया झपाटा हिचा खून झाला होता. सेव्हन इयर बिच या बायकांच्या बँडनं १९९४मध्ये तिच्या नावानं अल्बम काढला. त्या मृत्यूनं कुठल्याच कालखंडाची सीमा आखली गेली नाही. एका मृत्यूची सनावळी होते, दुसऱ्याची होत नाही, हे ठरवतं कोण?

आता गंजाडला येते. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढतात, तांदळाच्या पिठानं, मध्ये पालघट देवी. काढतात त्या सुवासिनी, आणि विधी गाऊन पार पाडते ती धवलेरी. या कामाला 'चित्र काढणं' म्हणत नाहीत, चौक 'लिहितात'. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी विणकर सेवा केंद्राच्या कामानिमित्त या भागात आले, कागद आला, रंग आला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी विधीबाहेर, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्रं काढली. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. म्हसे यांची प्रतिभा उसनी नव्हती, कोबेनचीही नव्हती. पण 'वारली चित्रकला' ही जोडी, जमातीचं नाव अधिक कलाप्रकाराचं नाव, भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून शहरात जाताना घट्ट झाली. मग साडी, मग बंगल्याच्या भिंती.

तुलना इथवरच ताणायची. सिअ‍ॅटलच्या पोरांकडे स्वतःची पत्रिका होती, स्टुडिओ होता, टाइम्सची थट्टा करायला फोन होता. मार्क आर्मचं १९८१चं पत्र आपण आज वाचू शकतो. म्हसे यांच्या आधी चौक लिहिणाऱ्या सुवासिनींपैकी एकीचंही नाव मला आजवर कुठल्या कागदावर सापडलेलं नाही, आणि तिचा चौक पुढच्या सारवणात गेला. म्हणून प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी शैलीच्या व्याख्येपासून सुरुवात न करता 'लिहिणे' या क्रियापदापासून केली आहे. आणि पाड्यावर गेल्यावर पहिला प्रश्न 'ही कुठली कला?' असा विचारत नाही, 'हे कुणी लिहिलं?' असं विचारते. उत्तरात बहुतेक वेळा नाव येत नाही, नातं येतं: सासू, मावशी, धाकटी जाऊ. मी तेच टिपून घेते.